आक्काचा ओटा



स्मृतिव्याख्यान म्हटले की व्यासपीठावर एखाद्या थोर पुरुषाचे तैलचित्र असते आणि त्याच्या कार्याचा आढावा घेण्यास कुणी विद्वान वक्ता बोलावलेला असतो. आज यांपैकी काहीच नाही. जिच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ती या शाळेची संस्थापक नव्हती, शिक्षिका नव्हती, विद्यार्थिनीही नव्हती. कोणत्याच शाळेची नव्हती. तिचे छायाचित्रही मतदार ओळखपत्रासाठी काढलेले तेवढे एकच आहे आणि त्यात ती मुळीच तिच्यासारखी दिसत नाही, कारण छायाचित्रकाराने तिला हसू नका म्हणून बजावले होते. वक्ता म्हणून उभा आहे तो तिचा धाकटा भाऊ, एक सेवानिवृत्त शिक्षक. भावाने बहिणीविषयी बोलावे यात पक्षपाताचा दोष आहे हे मी संयोजकांना सांगून पाहिले. ‘सर, तो दोष आम्हा सगळ्यांतच आहे,’ असे उत्तर मिळाल्यावर माझा निरुपाय झाला.

निमंत्रणपत्रिकेवर तिचा उल्लेख ‘आक्का’ एवढाच आहे. तेच योग्य झाले. तिचे पाळण्यातले नाव सरकारी कागदांपलीकडे कुणी वापरले नाही. मी तिला आक्का म्हणे, म्हणून गल्ली तिला आक्का म्हणू लागली, आणि पुढे तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसेही म्हणू लागली.

आक्काचा जन्म १९५८ सालचा, नंदुरबारकडच्या एका खेड्यातला. तेव्हा तो भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. दोन वर्षांची असताना पावसाळ्यात तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून उभी राहू शकली नाही. दोन्ही पाय गेले, डावा हात खांद्यापासून लुळा पडला आणि पुढे वाढत्या वयात पाठीचा कणाही एका बाजूला वाकत गेला. उजवा हात तेवढा धड राहिला. तापात कुणी एक सुई टोचली होती. त्या सुईनेच पोर अधू झाली, असे आमची आई अखेरपर्यंत मानत असे. तो आजार पोलिओ होता. परंतु आईचे म्हणणे अगदीच भाबडे नव्हते हे मला फार पुढे वाचनातून समजले. पोलिओचे विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली गेल्यास लुळेपणाचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने नोंदवून ठेवले आहे. हा रोग दूषित पाण्यातून आणि अस्वच्छ हातांतून पसरतो. ज्यांना संसर्ग होतो त्यांतील बहुतेकांना तो झाल्याचे कळतही नाही. सुमारे २०० जणांमध्ये एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. आमच्या गावात एका विहिरीचे पाणी सारेच पीत होते. त्या दोनशेंतली एक आक्का ठरली.

शिक्षक असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पोलिओ पाठीच्या कण्यातील हालचालीच्या पेशी मारतो, पण स्पर्शाच्या वाटा शाबूत ठेवतो. म्हणजे आक्काच्या पायांना थंडी कळे, खडा टोचलेला कळे, डास चावलेला कळे. फक्त तो पाय हलवून डास उडवता येत नसे. पाहुणे बहुधा असे समजत की मेलेल्या पायांना काही जाणवत नसेल, आणि बसताना निष्काळजीपणे तिच्या पायांवर टेकत. ती त्यांना म्हणे, ‘पाय झोपलेले नाहीत हो, रुसलेले आहेत.’

अमेरिकेत १९५५ साली पोलिओवरील पहिली लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले होते. तोंडावाटे द्यायचे थेंबही १९६० नंतरच्या थोड्याच वर्षांत जगात वापरात आले. आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ते यायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली. या दोन तारखांच्या मधल्या फटीत आक्काची पिढी सापडली.

१९६७ साली वडील यंत्रमागावर काम करण्यासाठी सुरतेला आले आणि आम्हीही तापी खोऱ्याच्या रेल्वेने उधन्याला उतरलो. खानदेशातली हजारो कुटुंबे याच वाटेने आली आहेत. या सभेतही त्यांची मुले-नातवंडे बसली आहेत. गावाकडे आमच्या तालुक्यातून वाहणारी तापीच इथे येऊन समुद्राला मिळते, याचे आईला मोठे समाधान होते. नदी ओळखीची आहे, म्हणे. आम्हाला घर मिळाले तेही नदीकाठच्या वस्तीतच, पत्र्याची एक खोली आणि पुढे हातभर उंचीचा मातीचा ओटा. तो ओटा हीच आक्काची पुढील जवळजवळ चाळीस वर्षांची जागा.

मी पहिलीत गेलो तेव्हा वडील आक्कालाही पाठीवर घेऊन एका शाळेत गेले होते. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्ग वरच्या मजल्यावर आहेत, मुलगी जिना कशी चढणार आणि लघवीला कोण नेणार, असे त्यांना विचारण्यात आले. प्रश्न रास्त होते, पण त्यांची उत्तरे शोधण्याचे काम केवळ यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसावर सोपवण्यात आले. वडील तिला परत घेऊन आले. त्या दिवसापासून माझे पुस्तक दोघांचे झाले. शाळेतून येताच मी तिला दिवसभराचा धडा वाचून दाखवायचा, असा आईचा नियम होता. चौथीत पोचेपर्यंत चित्र उलटे झाले. मी शाळेत जाण्यापूर्वीच ती तो धडा वाचून ठेवी आणि मला वर्गात काय विचारतील ते आधी सांगे. माझ्या शिक्षकी पेशाचा पाया कुणी घातला असे कुणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे.

गणितात ती माझ्या फार पुढे गेली. शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्याकडून तिने पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे जुने पाढे मुखोद्गत केले. ज्यांनी ही नावे ऐकली नसतील अशा तरुणांसाठी सांगतो, हे अपूर्णांकांचे पाढे असतात. औटकी म्हणजे साडेतीनचा. यंत्रमागावर मजुरी मीटरवर मिळते. आठवड्याच्या शेवटी कामगार आपापल्या चिठ्ठ्या घेऊन ओट्याशी येत आणि आक्का डोळे मिटून क्षणभरात हिशेब सांगे. मेहताजीच्या हिशेबात आणि तिच्या हिशेबात फरक निघाला तर कामगार दुसऱ्या दिवशी मेहताजीकडे जाई. मेहताजीही पुढे पुढे विचारू लागला, ‘आक्काने किती सांगितले?’

पत्रे हा तिचा दुसरा व्यवसाय. त्याला व्यवसाय म्हणायचे तरी कसे, कारण ती पैसे घेत नसे. पोस्टकार्ड ज्याचे त्याने आणायचे. गल्लीतल्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. ती त्यांची पत्रे लिही आणि आलेली वाचून दाखवी. मनीऑर्डरीचा फॉर्म भरायला ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले कामगारही येत. त्यांच्या तोडक्यामोडक्या हिंदीतून गावांची नावे बरोबर उतरवून घेण्याचा तिला नाद होता. पत्र वाचताना वाईट बातमी आली तर ती आधी मनात वाचून घेई, इकडचे तिकडचे काही बोले, समोरच्या बाईला खाली बसवी, पाणी देववी आणि मग वाचे. हे तिला कुणी शिकवले नव्हते. दुपारी साड्यांवर खडे चिकटवण्याचे आणि भरतकामामागचे लोंबते धागे कापण्याचे काम असे. लुळ्या हाताखाली साडी दाबून ती उजव्या हाताने कातर अशी चालवी की धडधाकट बायांना तिच्याशी बरोबरी करताना घाम फुटे. घराच्या उत्पन्नात तिचा वाटा नियमित होता. भिशीही तिच्याकडेच असे.

आणि हसणे. तिच्या हसण्याविषयी बोलल्यावाचून आक्काचे वर्णन पुरे होणार नाही, पण ते हसणे शब्दांत पकडणे मला जमत नाही. ते मोठे होते, बाईमाणसाने इतके मोठ्याने हसू नये असे म्हणण्याइतके मोठे. कुणी कळवळून ‘बाई, कसं गं तुझं!’ असे म्हटले की ती आमच्या अहिराणीत सांगे, ‘पाय नही ते काय व्हयनं, तोंड ते शे ना!’ श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. त्या रात्रीच्या गाण्यांना आक्काला उचलून आणून चौरंगाजवळ बसवल्याशिवाय आरंभ होत नसे. गाण्यांची जुनी कडवी तिलाच येत, आणि कडवे विसरले तर ती जागच्या जागी नवे रचून देई, त्यात जमलेल्या एखाद्या सासूचा उद्धारही करी.

१९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्या निमित्ताने झालेल्या एका शिबिरात तिला हाताने चालवायची तीनचाकी सायकल मिळाली. ती तेवीस वर्षांची होती. त्या दिवसापर्यंत ती स्वतःच्या इच्छेने कुठेही गेलेली नव्हती, कुणीतरी नेईल तिथे जात होती. सायकल दोन हातांची होती आणि हिला हात एक. गल्लीतल्या लोहाराने दांडा उजवीकडे लांबवून दिला. पहिल्या दिवशी ती एकटी तापीच्या पुलापर्यंत गेली आणि अंधार पडला तरी परतली नाही. आम्ही शोधत गेलो तर पुलाच्या तोंडाशी शांत बसून गाड्या बघत होती. ‘घाबरलात का?’ असे तिने विचारले आणि तिच्या आवाजात जे समाधान होते ते मी आजही विसरलेलो नाही. आपल्यामागे कुणीतरी शोधत यावे, इतके लांब जाता येणे ही तिच्या आयुष्यातली अपूर्व घटना होती.

आता १९९४ च्या सप्टेंबरकडे येतो. प्लेगच्या बातमीने सुरत रिकामी झाली ते दिवस तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. स्थानकावर पाय ठेवायला जागा नव्हती. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या होत्या. आमची गल्ली दोन दिवसांत ओस पडली. आक्काला त्या गर्दीतून नेणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही राहिलो. जाणाऱ्या प्रत्येकाने एकच गोष्ट केली, घराची किल्ली आक्काच्या हाती दिली. एक बाई तर स्पष्टच म्हणाली, ‘तू कुठे जाणार आहेस, तुझ्याकडेच बरी.’ दुसरे कुणी असते तर त्या वाक्याने घायाळ झाले असते. आक्का पोटभर हसली. तिने किल्ल्या एका सुतळीत ओवल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा धागा बांधला आणि कुठला धागा कुणाचा हे वहीत लिहून ठेवले. एकूण एकवीस किल्ल्या झाल्या. रोज सकाळी ती मला सांगे, अमक्याच्या घरात मांजर कोंडली गेली असेल, बघून ये. तमक्याच्या माठातले पाणी ओतून दे. लोक परतले तेव्हा त्यांनी घरांआधी ओटा गाठला. त्या पंधरवड्यात ती मला आयुष्यात सर्वांत आनंदी दिसली, असे मी म्हटले तर कुणी गैरसमज करून घेऊ नये. शहरावर संकट होते, ते तिला ठाऊक होते. परंतु एकवीस घरांचे लक्ष तिच्या कमरेला होते.

तिच्या आनंदाचे मूळ काय, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. कुणी म्हणतात देवावरची श्रद्धा, कुणी म्हणतात उपजत स्वभाव. दोन्ही थोडेथोडे असेल. माझ्यापुरते उत्तर त्या किल्ल्यांत आहे. लोक तिला काहीतरी मागत. हिशेब मागत, पत्र मागत, कडवे मागत, उसने मीठ मागत. जिला फक्त दिले जाते तिला आभार मानत जगावे लागते. आक्का रोज दहा माणसांकडून आभार वसूल करी आणि त्याचा तिला अभिमान होता.

तिला संतपण चिकटवू नये अशी माझी विनंती आहे. ती तापट होती. महिन्याकाठी एखादा दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडे आणि कुणाशी बोलत नसे. त्या दिवशी तिला बोलते करण्याचा प्रयत्न आईने कधी केला नाही. धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते तेव्हा काही नातेवाइकांनी सुचवले की आक्काला दोन तास शेजारी ठेवावे. ती काही न बोलता शेजारी गेली. पोह्यांच्या बशा फिरू लागल्या तोच शेजारच्या पोराबरोबर तिची चिठ्ठी थेट मुलाच्या वडिलांच्या हाती आली. ‘मुलीला एक थोरली बहीण आहे. पायांनी अधू आहे. हे लग्नानंतर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे,’ एवढेच सुवाच्य अक्षरात लिहिले होते. ते स्थळ मोडले. वर्षभराने दुसरे जमले, ते जावई पहिल्याच भेटीत ओट्यावर तिच्याशेजारी येऊन बसले होते. स्वतःच्या लग्नाविषयी ती कधीच बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही.

पुस्तकांविषयी दोन शब्द. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मी तिला आणून दिले. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पायांतील शक्ती गेलेल्या या बाईंनी कोल्हापुरात १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. आक्काने ते पुस्तक दोनदा वाचले. त्यातील धैर्याच्या प्रसंगांवर ती फारशी बोलली नाही. वसतिगृह कसे बांधले, स्नानगृहे कशी केली, खुर्ची दारातून आत जाईल याची काळजी कशी घेतली, याविषयी मात्र तिने मला अनेकदा छेडले. जणू मी तिथला गवंडी होतो. बाबा आमटे तिचे दैवत. १९८५-८६ साली ते कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले तेव्हा कण्याच्या व्याधीमुळे त्यांना बसता येत नव्हते. गाडीत पडून त्यांनी तो प्रवास केला. हे वर्तमानपत्रात वाचून तिने मला विचारले होते, ‘गाडीत खाट कुणी बसवून दिली?’ कौतुक सगळे करतात, खाट बसवणारा विरळा, असे तिचे म्हणणे असे.

मुरलीकांत पेटकर यांचीही गोष्ट तिला माहीत होती. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या सांगलीकडच्या जवानाने १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. आक्का बोटे मोजून म्हणाली, ‘शेहेचाळीस वर्षं. सुवर्णपदकवाल्याची ही गत, तर आमची फाईल अजून टेबलावरही आली नसेल.’ आणि नेहमीसारखी हसली.

ऑगस्ट २००६ च्या पुरात नदीकाठची आमची खोली गेली. उकाई धरणातून सोडलेले पाणी ७ तारखेला शहरात शिरू लागले आणि दोन-तीन दिवसांत बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. शेजारच्या पोरांनी आक्काला खाटेसकट एका पक्क्या इमारतीच्या गच्चीवर नेले. तीन रात्री आम्ही तिथे काढल्या. हेलिकॉप्टरमधून पडलेली पाकिटे वाटण्याचे काम आपसूक तिच्याकडे आले, कारण तिच्या वाटणीविषयी भांडण होत नसे. खाली तिची सायकल वाहून गेली, रेडिओ गेला आणि भिशीची वहीही गेली. पाणी ओसरल्यावर तिने चिखलाने भरलेल्या जमिनीवर बसून आठवणीने सारी भिशी नव्याने लिहून काढली. कुणाचे किती आले, कुणाचे किती थकले. एकाही बाईने आकड्याला हरकत घेतली नाही.

त्यानंतर नदीकाठच्या वस्त्या हलवण्यात आल्या आणि अनेकांप्रमाणे आम्हीही २०११ साली कोसाडच्या आवासात आलो. चिठ्ठीत आम्हाला वरचा मजला आला होता. तळमजल्यावरील एका ओडिया कुटुंबाने स्वतःहून अदलाबदल केली. कुटुंबप्रमुखाच्या वडिलांची पत्रे आक्काने कधीकाळी लिहिली होती, हे तेव्हा कळले. इथे मातीचा ओटा नव्हता. दारापुढच्या सिमेंटच्या पट्टीवर तिने सतरंजी टाकली आणि आठवड्याच्या आत तिथे मुले जमली. ती मुले तुम्ही. मराठी, ओडिया, हिंदी, गुजराती, चार भाषांची मुले एका सुरात दिडकी म्हणत असत. मोबाईल आल्यावर पत्रे संपली होती. त्यांची जागा आधार, शिधापत्रिका आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांनी घेतली. अर्ज भरून झाला की मुलाला ती एक बेरीज घाली, तीच तिची फी.

याच काळात तिचा उजवा हात थकू लागला. पोलिओ होऊन अनेक दशके लोटल्यावर उरलेले स्नायूही पुन्हा दुबळे होतात, असा या रोगाचा एक उत्तररंग असतो. एकच हात पन्नास वर्षे दोन हातांचे आणि दोन पायांचेही काम करत होता. कातर सुटली, मग लेखणी. शेवटची दोन वर्षे ती सांगे आणि मुले लिहीत. जानेवारी २०१९ मध्ये थंडीत छातीचे दुखणे होऊन ती गेली. साठ वर्षे पूर्ण झाली होती.

त्याआधीच्या दोन प्रसंगांचा उल्लेख करतो. पोलिओचे देशव्यापी डोस १९९५ पासून सुरू झाले, तेव्हापासून जुन्या वस्तीत लसीकरणाचे टेबल आमच्या ओट्याशेजारी लागे. आक्का मुद्दाम पाय पुढे पसरून बसे. थेंब पाजायला नकार देणारी एखादी आई आली की तिला म्हणे, ‘बघून घे आणि मग ठरव.’ भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या संध्याकाळी तिने कोसाडच्या पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. एका मुलाने विचारले, कशाचे? ती म्हणाली, ‘आता माझ्यासारखी कुणी होणार नाही, त्याचे.’ इतके आनंदाने जगलेले आयुष्य दुसऱ्या कुणाच्याही वाट्याला येऊ नये असे तिला वाटत होते. आक्का अपंगत्वातही किती सुखी होती असे म्हणणाऱ्यांनी हा गूळ आठवावा.

दुसरा प्रसंग एका जाहीर सत्काराचा. तिच्या कामाचा गौरव करण्यासाठी तिला बोलावले होते. मंचाला पायऱ्या होत्या. चार तरुणांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेले तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिने हसून हात जोडले. मग ती पाच मिनिटे बोलली, मुलींच्या शाळा मध्येच का सुटतात याविषयी, आकडे देऊन. घरी आल्यावर मला म्हणाली, ‘मला उचललं तेव्हा टाळ्या वाजल्या. बोलले त्याला कुणी वाजवल्या नाहीत.’ नंतर बराच वेळ ती गप्प होती. तिच्या हसण्याने समोरच्या माणसाची सोय होते, हे तिला ठाऊक होते. ती रडवेली असती तर कदाचित कुणी गवंडी बोलावला असता. हसतमुख माणसाला उचलणे सोपे जाते.

आमच्या लहानपणी तिला पांगळी म्हणत. मग अपंग म्हणू लागले, विकलांग म्हणू लागले आणि शेवटच्या काही वर्षांत दिव्यांग. प्रत्येक नव्या शब्दाला ती विचारी, ‘याला पायऱ्या किती?’ कायदेही झाले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, आणि सार्वजनिक इमारतींत सर्वांना जाता यावे ही तरतूद दोन्हींत आहे. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी किती जणांना आज या सभागृहात येता आले असते?

मी मोजले आहे. या सभागृहाच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचांची. म्हणजे उंची दीड फूट. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. दीड फुटाला अठरा फूट. हा हिशेब आक्कानेच मला करून दिला होता, दिडकीचा पाढा म्हणत, बारा दीड अठरा. दाराच्या डावीकडे कडुनिंबापर्यंत एकोणीस फूट मोकळी जागा आहे. विटा, सिमेंट आणि दोन्ही बाजूंच्या कठड्यांच्या खर्चाचा अंदाज एका माजी विद्यार्थ्याने काढून दिला आहे, तो व्यवसायाने गवंडी आहे आणि मजुरी घेणार नाही म्हणतो. तो कागद मी मुख्याध्यापकांकडे देत आहे. त्यासोबत आक्काची २००६ नंतरची वहीही शाळेच्या ग्रंथालयासाठी देतो. त्यात भिशीचा हिशेब पूर्ण आहे. दोघींचे मिळून चाळीस रुपये अद्याप येणे आहेत, त्यांची नावे मी वाचून दाखवणार नाही, त्या समोरच बसल्या आहेत.